गुप्तवार्ता विभागातून नागरी नोकरीत : काय सांगावे, काय झाकावे
(मंडळाच्या माजी सैनिक मेळाव्यात झालेले भाषण)



भगिनींना अवश्य बोलवा असे मीच मंडळाला कळवले होते. फौजेतून घरी आलेल्या माणसाने पुढे काय करायचे, हे ठरवण्यात घरच्या बाईचा वाटा मोठा असतो. आणि तो माणूस इंटेलिजन्समध्ये असेल, तर आपला नवरा इतकी वर्षे नेमके काय करीत होता हे तिलाही ठाऊक नसते. शेजारीपाजारी विचारतात, ती सांगते, 'ऑफिसात होते.' एवढ्यावर सोळा-सतरा वर्षांची नोकरी संपते.

आपला भाग फौजेचा भाग आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडे चंदगड, या पट्ट्यात एखादा तरी जवान नाही असे गाव दाखवायचे म्हटले तर शोधावे लागेल. पायदळातल्या माणसाला आपली कामगिरी सांगता येते, पदक दाखवता येते. गुप्तवार्तेतल्या माणसाला ती सोय नाही. बहिर्जी नाईकांचे नाव आपण सगळे अभिमानाने घेतो. पण त्यांच्याविषयी खात्रीने सांगता येईल असे आपल्या हाती किती आहे? अगदी थोडे. काम चोख झाले याचीच ती खूण, असे मी मानतो. मात्र बहिर्जींना निवृत्तीनंतर नोकरीसाठी बायोडाटा लिहावा लागला नाही. आपल्या पोरांना लावावा लागतो.

फौजेतला शिपाई वयाच्या पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुले शाळेत, घराचे कर्ज अर्धे बाकी. पेन्शन आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. मग कोणीतरी सांगतो, एटीएमवर सिक्युरिटीची जागा आहे. त्या कामात कमीपणा आहे असे माझे म्हणणे नाही. खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या कायद्यात रखवालदार नेमताना माजी सैनिकांना प्राधान्य देता येईल असे लिहिलेच आहे, आणि त्यावर अनेकांची घरे चालतात. पण पंधरा वर्षे नकाशे वाचलेला, अहवाल लिहिलेला, आलेली बातमी तपासून घेतलेला माणूस 'मला काय येतं म्हणून सांगू?' असे म्हणत दंडुका घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा ते कसब वाया जाते. ते वाया जाऊ नये, आणि ते वाचवताना देशाचे गुपितही फुटू नये, यासाठी आजचे हे बोलणे.

सिनेमामुळे लोकांना वाटते की इंटेलिजन्स म्हणजे वेष पालटणे आणि मोटारीचा पाठलाग. खरे काम बहुतांशी टेबलावरचे. एक उदाहरण देतो. त्यात गुपित काही नाही, ही पद्धत जगभरच्या छापील पुस्तकांत आहे आणि अनेक देशांच्या फौजा व पोलीस ती वापरतात. बातमी आली की तिला दोन खुणा करायच्या. एक अक्षर, ए पासून एफ पर्यंत : सांगणारा माणूस किती भरवशाचा. एक आकडा, १ पासून ६ पर्यंत : सांगितलेली गोष्ट किती खरी वाटते. या दोन खुणा स्वतंत्रपणे करायच्या, यातच सगळे मर्म आहे. भरवशाचा माणूस चुकीची बातमी आणू शकतो, आणि गावात ज्याचे कोणी ऐकत नाही तो एखादे दिवशी खरे बोलून जातो. शेवटचे अक्षर आणि शेवटचा आकडा म्हणजे 'खोटे' नव्हे, तर 'ठरवता येत नाही'. 'ठरवता येत नाही' असे वरिष्ठाला लिहून देण्याची सवय ज्याच्या हाताला लागली, तो माणूस कोणत्याही कचेरीत मोलाचा. (आपल्या राजकारणात ही सवय आली असती तर निम्म्या सभा झाल्याच नसत्या, पण तो विषय वेगळा.)

आता नागरी जगात हे काम कुठे आहे ते पाहा. २००४ साली दिल्लीत आर्थिक गुप्तवार्तेसाठी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट स्थापन झाले. काळ्या पैशाविरुद्धचा २००२ चा कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला आणि बँकांवर जबाबदारी आली : संशयास्पद व्यवहार दिसला तर त्या युनिटला कळवायचे. म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या ढिगाऱ्यातून खटकणारे चार बाजूला काढायचे, त्यातला खरोखर संशयाचा कोणता ते ठरवायचे आणि का ते मोजक्या शब्दांत लिहायचे. हे आपलेच काम झाले की नाही? विमा कंपन्यांत दाव्यांची तपासणी असते. संगणक सुरक्षेत तर सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०२२ साली आदेश काढला की ठरावीक प्रकारचा सायबर घाला पडल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे. सहा तासांत खरे-खोटे निवडून अहवाल लिहिणारा माणूस कंपन्यांना हवा असतो, आणि घाईत न गोंधळण्याची सवय फौजेत लागते तशी क्वचितच कुठे लागते. नकाशांचे म्हणाल, तर फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूमापनाच्या माहितीवरचे बरेचसे निर्बंध उठवले, त्यामुळे खाजगी कंपन्यांत उपग्रहाचे फोटो वाचणाऱ्यांना काम मिळण्याची वाट रुंदावली. पीक, रस्ते, खाणी, पूर, सगळीकडे हे फोटो लागतात.

आणि भाषा. आपला मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात कानडी, पलटणीत हिंदी; काहींना कोंकणीही येते. भाषेपायी या भागाने पुष्कळ सोसले आहे, त्याबद्दल मी इथे वेगळे सांगायला नको. पण तीन भाषांत ऐकून एका भाषेत अचूक लिहिता येणे ही मिळकत आहे, आणि आपण ती बायोडाट्यात लिहीतच नाही. लिहा.

आता मुख्य मुद्दा : बोलायचे कसे. नियम सोपा आहे. कसब सांगा, कामगिरी सांगू नका. 'अमुक सेक्टरमध्ये अमुक गटावर नजर ठेवली' हे वाक्य तोंडातून जाता कामा नये, मग समोर कंपनीचा मालक असो की सासरा. त्याऐवजी असे सांगा : 'निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली माहिती पडताळून रोज ठरल्या वेळी लेखी अहवाल देत होतो. हाताखाली सहा माणसे होती. नकाशा आणि हवाई फोटो वाचता येतात.' यात खोटे काही नाही, गुपितही नाही, आणि ऐकणाऱ्याला तुमचा उपयोग कळतो. हुद्दा, सेवेची वर्षे, डिस्चार्ज बुकात नोंदलेला ट्रेड, एवढ्यावर थांबा. पुढे काय सांगावे अशी शंका आली, तर रेकॉर्ड ऑफिसला लिहून विचारा. 'त्याबद्दल मला बोलता येत नाही' हे वाक्य मुलाखतीत ताठ मानेने म्हणावे. समजूतदार मालकाला त्यातूनच कळते की आपलीही गुपिते हा माणूस सांभाळील.

शासकीय गुपिते कायदा १९२३ सालचा आहे, आणि वर्दी उतरली म्हणून तो सुटत नाही. पूर्वी ज्याने ते पद भूषवले त्यालाही तो लागू आहे. मेजर जनरल व्ही. के. सिंग रॉमध्ये काम करून निवृत्त झाले. त्यांनी त्या खात्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा २००७ मध्ये सीबीआयने याच कायद्याखाली त्यांच्यावर गुन्हा नोंदवला. त्यांचे बरोबर की सरकारचे, हा वाद मी इथे काढत नाही. त्यांच्याजवळ जनरलचा हुद्दा तरी होता. आपल्या हवालदाराच्या मागे वकील कोण उभा करणार?

पण पुस्तक लिहिणारे थोडे. खरा धोका नोकरीच्या जाहिरातीतून येतो. अमेरिकेत घडलेले सांगतो, कारण तिथे ते न्यायालयात उघड झाले. जुन वेई यो नावाच्या सिंगापूरच्या एका इसमाने २०१८ साली खोटी सल्लागार कंपनी काढून नोकरीची जाहिरात दिली. चारशेहून अधिक बायोडाटे आले. त्यांतले ९० टक्के अमेरिकन फौजेतल्या आणि सरकारी नोकरीतल्या, गुप्त कागद पाहण्याची मुभा असलेल्या माणसांचे. ते तो चिनी गुप्तहेरांकडे पोचवत होता. जुलै २०२० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. दुसरा केविन मॅलोरी : फौजेत आणि सीआयएमध्ये काम केलेला, पुढे कर्जात सापडलेला. २०१७ मध्ये त्यालाही समाजमाध्यमावरूनच गाठले गेले. २०१९ साली २० वर्षांची शिक्षा झाली. पैशाची अडचण, हातात काम नाही आणि कोणीतरी गोड बोलून 'तुमचा अनुभव फार मोलाचा आहे' म्हणतो. या तीन गोष्टी जुळल्या की माणूस घसरतो. त्या आपल्या खानापुरातही जुळू शकतात.

२०२० साली लष्कराने सेवेतल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अॅप मोबाईलवरून काढायला लावली. आमच्या बंधूंनी ते मुकाट्याने पाळले, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी वर्दीतला फोटो, युनिट, कुठे कुठे पोस्टिंग, सगळे फेसबुकावर. भगिनींनो, इथे तुमचे काम आहे. नोकरी देणारा घरबसल्या, तुम्ही कधी न पाहिलेल्या कंपनीतून आला असेल, पगार कामाच्या मानाने फार मोठा असेल आणि तो कामाआधी जुन्या पोस्टिंगविषयी विचारत असेल, तर फोन बंद करायला लावा. ऐकला नाही तर भांडा.

सवलतींचे थोडक्यात. केंद्राच्या गट क मध्ये माजी सैनिकांना १० टक्के. राष्ट्रीयीकृत बँकांत लिपिकाच्या जागांत १४.५ आणि शिपायाच्या जागांत २४.५ टक्के, यात अपंग सैनिक आणि शहीदांच्या घरच्यांचा वाटा धरलेला आहे. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला, तांत्रिक जागा सोडल्या तर, पदवी लागणाऱ्या गट क च्या जागांसाठी अर्ज करता येतो. हे आपल्याकडे निम्म्यांना माहीत नसते. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांसाठी तरतूद आहे, तीही पाहावी. पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम सेवेत असतानाच, शेवटच्या काळात करायचे असतात. घरी येऊन सहा महिने लग्नकार्ये उरकल्यावर त्यांची आठवण काढून उपयोग नाही.

अग्निवीरांना यातले फार थोडे मिळते. योजना जून २०२२ ची, पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. चार वर्षांचा हिशोब आपणच करा. चारांतला जास्तीत जास्त एक कायम होतो. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. गुपिते कायदा मात्र त्यांनाही पुरता लागू. म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, खिशात एकरकमी पैसे, डोक्यात सांगता न येणाऱ्या गोष्टी, आणि हातात स्मार्टफोन. मघाशी ज्या तीन गोष्टी सांगितल्या, त्या या मुलांच्या बाबतीत अधिक लवकर जुळतील.

म्हणून मंडळाला माझी सूचना आहे. आपल्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, दोन वकीलही इथे बसलेले मला दिसताहेत. महिन्यातून एक रविवार त्यांनी या मुलांसाठी द्यावा. एकाने बायोडाटा तपासावा, एकाने खोटी मुलाखत घ्यावी आणि मुद्दाम नको ते प्रश्न विचारावेत, वकिलांनी कायद्याची कलमे मराठीत समजावून सांगावीत. पहिल्या रविवारी मी येतो. येताना डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स आणि एक कोरा कागद आणा, मेडल आणि फोटो घरीच ठेवा.

आता कुणाचे प्रश्न असतील तर विचारावेत. मी कुठे कुठे होतो, एवढे सोडून.