याईराची वाट

(आगमनकाळाच्या पूर्वसंध्येला दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानाचं टिपण करायला मी मंगळवारी बसलो आणि दाराची घंटा वाजली. शेजारच्या आजी. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. आजी बँकेत दोनदा जाऊन आल्या होत्या, पण मशीन त्यांच्या बोटाचा ठसाच घेईना. आयुष्यभर राखेनं भांडी घासून रेषा झिजल्यात. त्या सविस्तर सांगत होत्या आणि मी घड्याळाकडे पाहत होतो. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "कामात दिसता, उद्या येते," म्हणाल्या आणि गेल्या. माझं काम काय, तर व्यत्ययात देव कसा भेटतो यावर टिपण काढणं!

त्यामुळे आज अधिकारवाणीनं काही बोलण्याची सोय उरलेली नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय तेवढा तुमच्याबरोबर पुन्हा वाचतो.

याईर हा सभास्थानाचा अधिकारी, म्हणजे गावातला मानाचा माणूस. त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. तो येशूच्या पाया पडतो, येशू निघतो. रस्त्यात ही गर्दी. त्या गर्दीत एक बाई आहे, बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली. वैद्यांपायी होतं नव्हतं ते घालवून बसलेली आणि दुखणं उलट वाढलेलं. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध. ती ज्याला शिवेल तोही विटाळायचा. म्हणून ती मागून येते, गुपचूप वस्त्राला हात लावते आणि बरी होते.

इथं गोष्ट पुढे सरकायला काय हरकत होती? बाई बरी झाली, मुलगी वाट पाहते आहे, चला. पण येशू थांबतो आणि मला कोण शिवलं, असं विचारतो. शिष्य वैतागतात; एवढ्या रेटारेटीत कोण शिवलं हा काय प्रश्न झाला? तरी तो पाहतच राहतो. शेवटी बाई थरथरत पुढे येते आणि सगळं सांगते. बारा वर्षांचं सगळं सांगायला किती वेळ लागला असेल, याचा हिशेब मार्क देत नाही. येशू तिला मुलगी म्हणून हाक मारतो. शरीर आधीच बरं झालं होतं; पण बारा वर्षं अंग चोरून जगलेल्या बाईला चारचौघांत परत आणायचं, तर ते चारचौघांतच करावं लागतं. थांबणं त्यासाठी होतं.

या वेळात याईर काय करत होता? मार्क त्याच्या तोंडी एक शब्दही घालत नाही. मी ही गोष्ट वाचतो ती त्या गप्प माणसाच्या बाजूनं. येशू बाईशी बोलतो आहे तोच घरून निरोप येतो: मुलगी गेली.

आता आपल्या उपदेशकांची एक सवय सांगतो, माझ्यासकट. आपण लगेच शेवटाकडे धावतो. मुलगी उठली ना, मग झालं! पण त्या निरोपापासून घरापर्यंतची वाट याईर चालला आहे. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला 'देवाची योजना असेल' असं सांगू नका. येशूनंही याईराला योजना समजावली नाही. भिऊ नकोस, विश्वास धर, एवढंच सांगितलं आणि त्याच्याबरोबर चालत राहिला.

मराठीत आपण वाट 'पाहतो'. रस्ता आणि प्रतीक्षा एकाच शब्दात. (वाट लागणं हेही त्याच शब्दात, ते सोडून देऊ.) येत्या रविवारी आगमनकाळ सुरू होईल. नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती. सुंदर प्रथा आहे, पण थोडी सोपी. २५ डिसेंबर कॅलेंडरवर आधीच छापलेला असतो. डीट्रिच बोनहोफर या जर्मन धर्मपंडितानं १९४३चा आगमनकाळ बर्लिनच्या टेगेल तुरुंगात काढला. कोठडीचं दार फक्त बाहेरून उघडतं, आगमनकाळही तसाच, असं त्यानं पत्रात लिहिलं. त्याचं दार सुटकेसाठी उघडलं नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फाशी दिलं.

अशी वाट पाहिलेल्या आपल्याकडच्या लेखिका म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मध्येच तुटला. लहान मुलाला, दत्तूला घेऊन काही वर्षं नातलगांच्या आधारानं काढली. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात त्या दिवसांचं रडू आहे, संताप आहे आणि तरी हसूही आहे. त्या दुःखाला कुठंही देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद माणसानं केला, हे आधी स्वतःला पटू दिलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागोमाग त्या गेल्या असं म्हणणाऱ्यांनी मधली ही वर्षं मोजलेली नसतात.

१९१९ साली टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' जेमतेम सुरू झालेलं होतं. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, तिनं ते पुढे नेलं आणि साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या. शेवटचा हात त्याच दत्तूनं, म्हणजे देवदत्तांनी फिरवला.

याईराच्या घरी मुलगी उठून चालू लागते. सगळे थक्क. येशू सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. एवढ्या मोठ्या प्रसंगात भूक कोणाच्या लक्षात राहते? वाटेत थांबू शकणाऱ्याच्याच, असं माझं मत आहे.

आज सकाळी आजींना घेऊन बँकेत गेलो. दोन तास बसलो. ठसा आजही उमटला नाही. शेवटी तिथल्या बाईंनी कागदी अर्ज काढून त्यावर सही घेतली. आजी हयात असल्याची नोंद झाली आहे.