फोनवरची खोटी दवंडी



तुम्ही आता वाचायला शिकलात. एसटीची पाटी वाचता, सातबारा वाचता, खताच्या गोणीवरचे आकडे वाचता. फार चांगले झाले. आज आम्ही पुढचा धडा सांगणार आहोत. वाचता येणे ही एक गोष्ट. वाचलेले खरे की खोटे हे पारखणे ही दुसरी. बाजारात नाणे वाजवून घेतात, तसा मजकूरही वाजवून घ्यावा लागतो.

आता बहुतेक घरांत फोन आला आहे. त्यावर आपण कांद्याचा भाव पाहतो, पावसाचा अंदाज पाहतो. पाहता पाहता मध्येच एक चौकट उडी मारून वर येते. फोन थरथरतो. लाल अक्षरे दिसतात : 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस शिरला आहे. दोन मिनिटांत इथे दाबा, नाहीतर सगळे पुसले जाईल.' कधी लिहिलेले असते, 'अभिनंदन! तुम्हांला बक्षीस लागले आहे.' कधी, 'तुमचा पीएम किसानचा हप्ता अडकला आहे. हे अ‍ॅप घ्या.'

व्हायरस म्हणजे फोनला लागणारी कीड. पण मंडळी, घाबरू नका. आपण पाहतो ते पान रस्त्याकडेच्या पाटीसारखे असते. पाटीला तुमच्या घरातले काही दिसते का? नाही. तसाच त्या पानाला तुमचा सगळा फोन तपासता येत नाही. मग कीड त्याला दिसली कुठून? ती थाप आहे. सेकंद मोजणारे घड्याळही नुसते चित्र आहे. वेळ संपली तरी काही होत नाही. मग ते लावतात कशाला? तुम्ही घाबरावे आणि कुणाला विचारायला जाऊ नये, म्हणून.

अशा वेळी चौकटीत कुठेच बोट लावायचे नाही. तिच्या कोपऱ्यातली फुलीसुद्धा पुष्कळदा खोटी असते. फुली दाबली की दुसरे पान उघडते. फोनचे स्वतःचे मागे जायचे बटण दाबा. नाहीच गेले तर ते पानच बंद करा. तरी अडले तर फोन बंद करून पुन्हा चालू करा.

काही पाने 'अलाऊ' दाबायला सांगतात. अलाऊ म्हणजे परवानगी. ती एकदा दिली की रोज खोट्या सूचना येत राहतात. त्या थांबवायच्या तर सेटिंगमध्ये नोटिफिकेशन या ठिकाणी जाऊन दिलेली परवानगी काढून घ्या. घरच्या शिकणाऱ्या मुलाला जवळ बसवा आणि स्वतःच्या हाताने करा.

सर्वांत मोठा धोका अ‍ॅपचा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट बँकेत जमा होतात. पण त्याच नावाने चोर खोटे अ‍ॅप पाठवतात. ते घेतले आणि मागेल ती परवानगी दिली, की ते तुमचे संदेश वाचते. बँकेचा ओटीपी चोराच्या हाती जातो. बियाण्याला ठेवलेले पैसे खात्यातून जातात आणि पेरणी तोंडावर येते. म्हणून पानावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले अ‍ॅप घ्यायचे नाही.

पानाचा पत्ता पाहायलाही शिका. पाकिटावर वर कितीही मोठे नाव लिहा, पत्र जाते ते खालच्या गावाला. तसे पानाच्या पत्त्यात पहिली एकटी तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधीचे शब्द पाहा. भारत सरकारच्या पानांवर तिथे बहुधा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असते. पुढे 'किसान' लिहिले म्हणून पान सरकारी होत नाही.

आणखी एक पक्के ध्यानात ठेवा. पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला लागत नाही. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' असे कुणी म्हटले, की तो चोर समजावा.

इतके करूनही कुणी फसला, तर? पहिले काम, फोनचे इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० हा क्रमांक लावा. हा सरकारचा सायबर तक्रारीचा क्रमांक आहे. बँकेलाही कळवा, तिचा क्रमांक पासबुकावरून घ्या. पैसे चोराने काढून घेण्याआधी कळले, तर ते वाटेत अडवता येतात. म्हणून एकेक मिनिट मोलाचे आहे. पुष्कळ माणसे लाजेने दोन-दोन दिवस बोलत नाहीत. घरातल्यांनीही फसलेल्या माणसावर ओरडू नये. लाज चोराला वाटायला हवी, आपल्याला नव्हे.

मंडळी, पूर्वी सावकाराच्या कागदावर आपल्या वाडवडिलांचा अंगठा न वाचता उठत असे. त्यापायी जमिनी गेल्या. तुम्ही अक्षर शिकलात ते अंगठा सुटावा म्हणून. आता तोच अंगठा फोनच्या काचेवर न वाचता टेकवू नका. आधी वाचा, मग विचारा, मगच दाबा.