स्टायमी

इंग्रजी बातम्यांत तपास, वाटाघाटी, सुधारणा यांच्याबाबत एक क्रियापद वारंवार येतं, स्टायमी. म्हणजे पुढची वाटच बंद करणं. हे मूळचं स्कॉटलंडमधल्या गोल्फच्या मैदानावरचं.

तुमचा चेंडू आणि भोक यांच्या सरळ रेषेत प्रतिस्पर्ध्याचा चेंडू येऊन थांबला, की ती स्टायमी. दोन चेंडूंत सहा इंचांपेक्षा जास्त अंतर असेल, तर समोरचा चेंडू उचलायला सांगता येत नसे. वळसा घालून मारा, नाहीतर त्याच्यावरून उडवून पलीकडे टाका! 1930 साली सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश हौशी स्पर्धेत बॉबी जोन्सनं सिरिल टॉलीला एकोणिसाव्या भोकाशी असंच अडवलं, सामना जिंकला आणि पुढे ती स्पर्धाही. बिनचूक खेळणाऱ्यालाही अशी शिक्षा व्हावी, हे मला अन्यायाचंच वाटतं. 1952 पासून हा नियम रद्द झाला. शब्द मात्र रोजच्या भाषेत केव्हाच रुळला होता.

वापरताना एक भान ठेवा. ‘हिंडर’ म्हणजे अडथळा आणणं. काम रखडत का होईना, चालू राहू शकतं. ‘स्टायमी’त ते अडूनच बसतं. साक्षीदार फुटल्यानं तपास पुढे सरकेना, तर तो ‘स्टायमीड’. मराठीत आपण म्हणू, तपासाला खीळ बसली. कुणी मुद्दाम अडवलं असेल, तर खोडा घातला.