जुन्या तबकडीचा नवा पाठ



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून शेतमालाच्या भावापर्यंत सर्व विषयांना मुभा असते, या भरवशावरच आम्ही आजचा विषय निवडला आहे. इंग्लंडातील बीटल्स नावाच्या चौघा तरुणांनी 1967 साली 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' या लांबलचक नावाची एक तबकडी काढली. पन्नास वर्षांनी, म्हणजे 2017 साली, तिची नवी आवृत्ती निघाली. आम्ही या तबकडीचे जुने भक्त. सबब नवी आवृत्ती कशी वाटली, एवढे सांगून मोकळे होता आले असते. परंतु ती ऐकताना एक प्रश्न मनात उभा राहिला, आणि तो केवळ रॉक संगीताच्या शौकिनांपुरता नाही. लोकांच्या मनात रुजलेली एखादी जुनी कृती पुन्हा उजळून पुढे ठेवायची, तर उजळणाराचा हात कोठवर चालावा? आणि ज्यांनी ती कृती आयुष्यभर जवळ बाळगली, त्यांचा तीवर काही हक्क आहे की नाही?

आधी ही तबकडी कशी तयार झाली ते पाहू. बीटल्सच्या पहिल्या तबकडीतील बहुतेक गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एकाच दिवसात मुद्रित झाली होती. समोर बसून गायचे, ते यंत्राने टिपायचे, एवढाच तेव्हाचा मामला. पुढे लोकप्रियता इतकी वाढली की श्रोत्यांच्या किंकाळ्यांत यांना आपलेच वाद्य ऐकू येईना. ऑगस्ट 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी दौऱ्यातला अखेरचा कार्यक्रम केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत ठाण मांडले. जॉर्ज मार्टिन हे त्यांचे निर्माते आणि जेफ एमरिक हे ध्वनितंत्रज्ञ. रंगमंचावर कधी सादर करावयाचीच नाहीत अशी गाणी रचण्याची मोकळीक आता मिळाली होती.

साधने मात्र तुटपुंजी होती. यंत्राच्या फितीवर फक्त चार ट्रॅक मावत. एकावर ढोल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर पियानो, चौथ्यावर गळा, की जागा संपली! मग युक्ती अशी करीत की हे चारही ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या यंत्रावरील एका किंवा दोन ट्रॅकांवर उतरवायचे, आणि उरलेल्या जागी पुन्हा नवी वाद्ये भरायची. पोथीची नक्कल, त्या नकलेची पुन्हा नक्कल, असाच हा प्रकार. दर नकलेत फितीची खरखर वाढते, आवाजाची धार बोथट होते. शिवाय एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नसत. परिणामी, आधी वाजवलेल्या रिंगो स्टारच्या ढोलांवर थरांवर थर चढले, तर पॉल मॅकार्टनीने पुष्कळदा सर्वांत शेवटी वाजवलेली बास गिटार ठसठशीत राहिली.

यानंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली. त्या काळी बहुतेक घरांत एकाच कर्ण्याचे यंत्र असे. म्हणून चौघांनी स्वतः बसून, खपून जे मिश्रण करविले ते 'मोनो', म्हणजे एकाच वाटेने येणाऱ्या आवाजाचे. दोन कर्ण्यांसाठीचे 'स्टीरिओ' मिश्रण जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागाहून, या चौघांच्या गैरहजेरीत, थोड्या वेळात उरकले. दोहोंत किरकोळ नव्हे, चांगलाच फरक आहे. 'शीज् लीव्हिंग होम' हे घर सोडून जाणाऱ्या मुलीचे गाणे मोनोत जलद आणि चढ्या स्वरात आहे, स्टीरिओत ते संथ व खाली उतरलेले आहे. पुढे घरोघर दोन कर्णे आले, मोनो मागे पडले, आणि कर्त्यांनी ज्यात फारसे मन घातले नव्हते तोच पाठ जगभर प्रमाण ठरून बसला!

आम्ही जी प्रत मुंबईच्या एका जुन्या बाजारात विकत घेतली ती स्टीरिओच होती. आमचे यंत्र एका कर्ण्याचे, सुईही बेताचीच. तरीही त्या तबकडीने आम्हांला कान दिले. आमच्यासारख्या नाट्यगीतांवर पोसलेल्या माणसाला ती प्रथम गोंगाट वाटली. दहाव्या वेळी तीत घाट दिसू लागला. त्या संथ गाण्यातील मुलीची हुरहूर आमच्या लेखी त्या संथपणातच होती. तेव्हा कोणी येऊन सांगितले असते की कर्त्यांच्या मनातील चाल निराळी होती, तर आम्ही त्याच्याशी भांडलो असतो.

आता नव्या आवृत्त्यांकडे वळू. येथे दोन शब्दांची गल्लत नेहमी होते. 'रीमास्टरिंग' म्हणजे तयार मिश्रणाची मूळ फीत घेऊन तिच्यावरील धूळ झाडणे, खरखर कमी करणे, स्वरांचा तोल सावरणे. घटक तेच, त्यांची मांडणीही तीच. 'रीमिक्स' म्हणजे मिश्रणाच्याही मागे जाऊन, सुटे ट्रॅक घेऊन, मांडणी नव्याने करणे. पहिले काम देवघरातील समई घासण्यासारखे आहे, दुसरे देवघरच पुन्हा मांडण्यासारखे. 1 जून 1987 रोजी ही तबकडी सीडीवर आली आणि सप्टेंबर 2009 मध्ये रीमास्टर होऊन निघाली. त्या वेळी मोनो मिश्रणही स्वतंत्र संचात प्रथमच सीडीवर मिळाले. 2017 सालचे काम मात्र रीमिक्सचे. ते केले जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी. वडील 1966 ते 1967 मध्ये ज्या फितींवर राबले त्या सुदैवाने जपलेल्या होत्या. जाइल्स यांनी नकलेच्या आधीच्या मूळ फिती काढल्या आणि जुळवल्या. एकत्र होऊन दबलेले आवाज त्यामुळे सुटे हाती आले. मार्गदर्शनासाठी त्यांनी चौघांनी पारखलेले मोनो मिश्रण पुढे ठेवले.

ऐकताना आमच्या दोन प्रतिक्रिया झाल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. पहिली, निखळ आनंदाची. रिंगोचे ढोल थरांखालून वर आले. एका बाजूला कोंबलेले गळे मध्यभागी येऊन उभे राहिले. 'विदिन यू विदाउट यू' या जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यात दिलरुबा आणि तबला यांचा नाद अंगाजवळ आला. या गाण्याचा आपल्याशी खरा संबंध आहे. हॅरिसन सप्टेंबर 1966 मध्ये मुंबईस येऊन ताजमहाल हॉटेलात उतरला आणि रविशंकरांपाशी सतारीचे धडे घेऊ लागला. पुढे जानेवारी 1968 मध्ये मुंबईतील एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने आपल्या वादकांकडून ध्वनिमुद्रणेही करून घेतली. 'विदिन यू'मध्ये हॅरिसनखेरीज बीटल्सपैकी कोणीही नाही. साथीला लंडनमधील भारतीय वादक आहेत, आणि जॉर्ज मार्टिन यांनी व्हायोलिने व चेलो यांच्याकडून दिलरुब्याच्या मींडीचा पाठलाग करविला आहे. तो पाठलाग, ती तारांवरून घसरत जाणारी बोटे, आम्हांस इतक्या वर्षांनी प्रथम स्वच्छ ऐकू आली.

दुसरी प्रतिक्रिया हळहळीची. 'शीज् लीव्हिंग होम' आले ते मोनोच्या गतीने, चढ्या स्वरात. कर्त्यांना हेच हवे होते, हे आम्ही जाणतो. तरीही आमची ती मुलगी इतक्या घाईने कधी घर सोडून जात नव्हती.

कोणी म्हणेल, ही निव्वळ सवय झाली. सवयीला कलेत काय किंमत? आमचे उत्तर असे की श्रोत्याच्या कानी पडल्यावाचून तबकडी पुरी होत नाही, आणि लक्षावधी लोकांनी प्रेमाने ऐकलेला पाठ कर्त्यांच्या नावडीनेही खोटा ठरत नाही. पण त्याच न्यायाने, आमच्या आठवणीचे कुंपण घालून नव्या श्रोत्याला मूळ ढोल ऐकू न देणे, हाही अन्यायच.

मग तोड काय? ती शोधायला आपल्याला लंडनास जाण्याचे कारण नाही. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अनेक पाठ ताडून पाहून. आणि तीत कोणी पदरची ओवी घालू नये असेही बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत एक पाठ वर घेतला, पण टाकलेले पाठभेद फेकून दिले नाहीत, तळटीपांत जपले. वाचकाला संपादकाशी मतभेद करण्याचे साधन संपादकानेच दिले! संशोधकाची खरी सभ्यता ती हीच. या कसोटीवर 2017 चा मोठा संच उतरतो. त्यात नवे मिश्रण आहे, जुने मोनो आहे, आणि गाणी घडत असतानाचे कच्चे प्रयत्नही आहेत. जुने स्टीरिओ 2009 च्या आवृत्तीत आहेच. आमची संथ मुलगी हरवलेली नाही, शेजारच्या फळीवर आहे.

ही सभ्यता सर्वत्र दिसत नाही. सीडीच्या जमान्यात कित्येक जुन्या तबकड्या नव्याने काढताना हळू आवाज वर ओढून सगळाच आवाज मोठा केला गेला, कारण मोठा आवाज क्षणभर चांगला भासतो. 'अ डे इन द लाइफ' या अखेरच्या गाण्याचा शेवट आठवा. अनेक पियानोंवर एकच स्वरमेळ आदळतो आणि चाळीस सेकंदांहून अधिक काळ विझत जातो. तो विझताना तंत्रज्ञांनी यंत्राची ग्रहणशक्ती इतकी वाढवीत नेली की शेवटी कुणाचे तरी आसन करकरल्याचेही ऐकू येते. हळूला हळू राहू दिले म्हणूनच ते करकरणे शांततेत उमटते. सगळेच मोठे केल्यावर शांतता उरत नाही, आणि शांतता गेली की संगीताचा अर्धा प्राण गेला.

त्या स्वरमेळापाठोपाठ एक गंमत आहे. सेकंदाला 15,000 कंपनांची एक बारीक शीळ तेथे घातलेली आहे, म्हणे कुत्र्यांसाठी! सीडीवर ती आहे. आमची नात ते ऐकताच कानांवर हात ठेवते. आम्हांला काहीही ऐकू येत नाही. वयाबरोबर उंच स्वर कानांतून आधी जातात, हा शरीराचा धर्म आहे. श्रोतेहो, रीमास्टरिंगवरील सारा वाद त्या क्षणी आमच्यापुरता निराळा झाला. फिती उजळता येतात, कान उजळता येत नाहीत. तबकडी जितकी निर्मळ होत गेली तितके आम्ही मंद होत गेलो. मग नवी आवृत्ती कोणासाठी? आमच्यासाठी थोडी, नातीसाठी अधिक. ती जे ऐकते ते आम्ही कधीच ऐकणार नाही, आणि आम्ही त्या खरखरीत जे ऐकले ते तिला समजावून सांगता येणार नाही. पण दोन्ही पाठ घरात असले, तर निदान एका खोलीत बसून दोघांना भांडता तरी येईल.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. जुने उजळणाराने दोन पथ्ये पाळावीत: मूळ नष्ट करू नये, आणि आपण काय केले ते सांगावे. हेच पथ्य आपल्या घरांना लागू आहे. माळ्यावर आजोबांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या असतील, आईच्या आवाजाची एखादी कॅसेट असेल. त्यांची नवी नक्कल अवश्य करून घ्या, खरखर हवी तर काढून घ्या. परंतु नक्कल झाली म्हणून मूळ रद्दीत घालू नका. उद्या अधिक चांगले यंत्र येईल, अधिक तरुण कान येतील, आणि त्यांना मुळाची गरज लागेल.