गळ्यातील गाठ आणि चुन्याचे कण

दौलतराव शिंदे यांचा तळ १८१० मध्ये ग्वाल्हेरीस पडला आणि त्यातून लष्कर ही नगरी वसली. तेव्हापासून येथे मराठी घराणी नांदत आली आहेत. या लष्करातील नई सडकेवरच्या एखाद्या घरात गळ्याच्या सोनोग्राफीचा कागद यावा आणि त्यावर ‘कॅल्सिफिकेशन’ हा शब्द दिसावा, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हा कर्करोगच. दुसरा म्हणतो, पानातला चुना आणि दूध बंद करा, गाठ आपोआप विरेल. हे दोन्ही पक्ष चुकतात.

गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी असते. तिच्यात गाठी होणे ही सामान्य गोष्ट आहे; स्त्रियांत आणि उतारवयात त्या अधिक आढळतात. यांतील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. गाठीत साठणारे कॅल्शियम आहारातून थेट तेथे जाऊन बसत नाही. जुना रक्तस्राव, झिजलेल्या पेशी किंवा गाठीतील रोगप्रक्रिया यांमुळे ते तेथे साचते. म्हणून दूध सोडल्याने गाठ जात नाही. तंबाखू-सुपारीचे पान अवश्य सोडावे. पण ते मुखाच्या कर्करोगाच्या भयाने.

खरा प्रश्न चुना आहे की नाही हा नसून तो कोणत्या रूपाने आहे, हा आहे. एक मिलिमीटरहून लहान, विखुरलेले शुभ्र ठिपके अधिक संशयास्पद होत. अवटु ग्रंथीच्या सर्वाधिक आढळणाऱ्या ‘पॅपिलरी’ कर्करोगात असे कण वारंवार दिसतात. जाड खडे बहुधा जुन्या गाठींत असतात. अंड्याच्या कवचाप्रमाणे गाठीभोवती बसलेले कडे मध्येच तुटले असेल, तर त्याकडे बारकाईने पाहावे लागते. उलट, धूमकेतूसारखी मोठी शेपटी दाखविणारे ठिपके बहुधा गाठीतील घट्ट द्रवाचे असतात आणि ते निर्धोक मानले जातात.

अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये यासाठी गुणांकन पद्धती प्रसिद्ध केली. तीत जाड खड्यास १, कड्यास २ आणि सूक्ष्म ठिपक्यांस ३ गुण आहेत. गाठीची घडण, आकार व कडा यांचे गुणही त्यांत मिळविले जातात. बेरीज ७ किंवा अधिक झाली आणि गाठ १ सेंटिमीटर वा त्याहून मोठी असली, तर बारीक सुईने पेशी काढून तपासण्याचा सल्ला दिला जातो. चुना नसला म्हणजे धोका नाही, असेही मात्र नव्हे.

सुईची ही तपासणी थोड्या वेळाची असते. पॅपिलरी कर्करोग निघालाच, तरी वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात. मात्र गाठ वेगाने वाढणे, आवाज बसणे, गिळताना अडथळा होणे किंवा मानेत दुसरी गाठ लागणे, या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासून ग्वाल्हेरीतच आहे. तेव्हा दूध तोडण्यापूर्वी किंवा धीर सोडण्यापूर्वी तो कागद जाणत्या वैद्यांच्या हाती द्यावा, हेच श्रेयस्कर.