टॉमस हार्डी : पोटासाठी कादंबरी



हार्डीबद्दल एक हकिकत इंग्रजीच्या वर्गांतून हमखास सांगितली जाते. १८९५ साली ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ आली, इंग्लंडात गदारोळ उठला, वेकफील्डच्या बिशपांनी पुस्तक आगीत टाकल्याचं जाहीर केलं, आणि वैतागलेल्या हार्डीने कादंबरीला रामराम ठोकून कविता जवळ केली. यातलं प्रत्येक वाक्य खरं धरलं तरी माणूस अर्धाच कळतो. कारण कविता त्याच्याकडे आधीपासून होती. मधे आली ती कादंबरी.

डॉर्सेट परगण्यातल्या हायर बॉकहॅम्प्टन या वस्तीत १८४० साली एका गवंड्याच्या घरी त्याचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी डॉर्चेस्टरच्या हिक्स नावाच्या वास्तुविशारदाकडे उमेदवारी, आणि १८६२ मध्ये लंडनला ब्लूमफील्ड यांच्या कचेरीत नोकरी. तिथे असताना हा मुलगा कविता लिहायचा आणि मासिकांकडे पाठवायचा. त्या साभार परत यायच्या. कवितेवर चूल पेटत नाही हे त्याला फार लवकर कळलं. १८७१ साली पहिली कादंबरी छापून आली, तीही प्रकाशकाला पदरचे ७५ पौंड देऊन! पुढे १८७४ मध्ये ‘कॉर्नहिल’ मासिकातून ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ क्रमशः प्रसिद्ध झाली, नाव झालं, आणि वास्तुकलेचा धंदा सुटला.

मासिकासाठी लिहायचं म्हणजे घरातल्या लेकीसुनांसमोर मोठ्याने वाचता येईल असं लिहायचं. या जाचाचा एक नमुना सांगतो. त्याच्या ‘टेस’ या कादंबरीमध्ये पावसाने रस्ता पाण्याखाली गेलाय आणि एंजल क्लेअर चार गवळणींना एकेक करून उचलून पलीकडे नेतो, असा प्रसंग आहे. ‘ग्राफिक’ साप्ताहिकाच्या संपादकांना ते उचलणं खटकलं. मग हार्डीने काय करावं? एंजलच्या हाती हातगाडी दिली आणि मुलींना तिच्यात बसवून पार केलं. १८९१ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा हातगाडी गेली, हात परत आले. हे सगळं तो निमूटपणे करत होता. कादंबरी हा त्याचा चरितार्थ होता, आणि गिऱ्हाइकाशी भांडून चरितार्थ चालत नाही. मला वाटतं, ‘ज्यूड’नंतर तो चिडला हे खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोवर गाठीला पैसा जमला होता.

१८९८ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ‘वेसेक्स पोएम्स’ हा पहिला संग्रह आला. चित्रं त्याचीच, आणि काही कविता थेट लंडनच्या त्या तरुणपणातल्या. समीक्षकांना त्या ओबडधोबड वाटल्या. पण जुन्या चर्चच्या दगडी कामाची मापं ज्याने वर्षानुवर्षं घेतली, त्याला गुळगुळीत ओळीचं आकर्षण नव्हतं. गॉथिक बांधकामातला मुद्दाम राखलेला अनियमितपणा त्याला कवितेत हवा होता. पुढच्या तीस वर्षांत त्याने नऊशेवर कविता लिहिल्या. नेपोलियनच्या युद्धांवरचं ‘द डायनॅस्ट्स’ हे तीन भागांचं महानाट्यही त्याच काळातलं. त्याबद्दल आज बोलत नाही. ते वाचायला चिकाटी लागते.

एमाबद्दल मात्र बोललंच पाहिजे. १८७० मध्ये कॉर्नवॉलच्या सेंट ज्युलियट इथल्या चर्चच्या दुरुस्तीसाठी गेलेल्या हार्डीला ती भेटली. १८७४ मध्ये लग्न झालं. पुढे मॅक्स गेट या स्वतः आराखडा केलेल्या घरात दोघं एका छपराखाली परक्यासारखी राहिली. ती वर माळ्यावरच्या खोल्यांत. नोव्हेंबर १९१२ मध्ये ती गेली. आणि हा बहात्तर वर्षांचा म्हातारा पुढच्या वसंतात कॉर्नवॉलला जाऊन जुन्या जागा धुंडाळत फिरला. त्यातून ज्या कविता आल्या, त्या मी इंग्रजीतल्या श्रेष्ठ विलापिकांमध्ये धरतो. नवरा म्हणून हा गृहस्थ मला पटत नाही, हेही सांगून टाकतो. जिच्याशी हयातीत बोलणं होईना, तिच्याशी त्याने मृत्यूनंतर इतकं बोलावं? त्या कविता १९१४ मध्ये संग्रहात आल्या, त्याच वर्षी त्याने फ्लॉरेन्स डगडेलशी लग्न केलं होतं. तिने त्या कविता कशा वाचल्या असतील, याचा विचार करा.

१९२८ च्या जानेवारीत हार्डी वारला. त्यानंतर फ्लॉरेन्सच्या नावाने त्याचं दोन खंडांचं चरित्र निघालं. त्यातला बराचसा मजकूर हार्डीनेच तृतीयपुरुषी लिहून ठेवला होता. तिने तो टंकलिखित केला. तेव्हा वाचनालयात ते चरित्र हाती लागलं, तर लेखिकेच्या नावावर विसंबू नका. आणि त्याच्याआधी एमावरच्या त्या १९१२-१३ च्या कविता वाचा.