रुग्णसेवेतील सहकार्य : एकत्र शिकण्याची गरज



एक काळ असा होता की घरात कोणी आजारी पडले म्हणजे एकच डॉक्टर घरी येत असे. नाडी तोच पाही, औषध तोच देई आणि पथ्यही तोच सांगे. आज मोठ्या रुग्णालयात एकाच रुग्णाच्या सेवेत शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, औषधनिर्माता, तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट असे अनेक जण असतात. ज्ञान वाढले तशी कामाची विभागणी झाली, हे स्वाभाविकच होय. परंतु विभागलेले हे काम रुग्णाच्या हितासाठी पुन्हा एकत्र कसे गुंफायचे, या प्रश्नाकडे दीर्घकाळ पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

त्याची किंमत किती मोठी असते? अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, त्या देशातील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावतात, असा अंदाज मांडला होता. बहुतेक चुका बेपर्वा माणसांमुळे नव्हे, तर सदोष व्यवस्थेमुळे घडतात, हा त्या अहवालाचा गाभा होता.

मार्च २००५ मध्ये इंग्लंडमधील एका रुग्णालयात घडलेली घटना या संदर्भात उद्बोधक आहे. दोन लहान मुलांची ३७ वर्षांची आई सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यानंतर तिच्या श्वासमार्गात नळी जाईना. तीन अनुभवी तज्ज्ञ पुनःपुन्हा तोच प्रयत्न करीत राहिले आणि इकडे प्राणवायूची पातळी धोकादायक खाली गेली. एका परिचारिकेने गळ्याला छेद देऊन श्वास मोकळा करण्याचे साहित्य आणले आणि ते तयार असल्याचे सांगितले. तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली; पण डॉक्टरांची मुद्रा पाहून तिला आपलाच उतावळेपणा झाला असे वाटले व तिने ती खाट सोडून दिली. तेरा दिवसांनी ती माता मृत्यू पावली. काय करावयास हवे याची जाण त्या खोलीत होती. ती सांगण्याची आणि ऐकण्याची वाट मात्र बंद होती.

त्या महिलेचे पती वैमानिक होते. वैमानिकांच्या जगाने हा धडा आधीच गिरवला होता. १९७७ साली टेनेरीफ येथे दोन विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ प्रवासी व कर्मचारी मरण पावले. त्यांतील एका विमानाच्या अभियंत्याने धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका बोलून दाखविली होती; ती बाजूला सारली गेली. अशा अपघातांनंतर कनिष्ठाने स्पष्ट बोलावे आणि ज्येष्ठाने ते ऐकावे, याचे रीतसर शिक्षण विमान-कर्मचाऱ्यांना दिले जाऊ लागले. पत्नीच्या मृत्यूनंतर या गृहस्थांनी कोणाला शिक्षा व्हावी असा आग्रह न धरता, हेच शिक्षण आरोग्यसेवेत यावे म्हणून कार्य आरंभिले.

सहकार्य नोकरीत गेल्यावर आपोआप येत नाही; त्याचे बीज विद्यार्थिदशेतच पेरावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ साली आणि पुन्हा २०१० साली याच विचाराचा पुरस्कार केला. निरनिराळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसह, एकमेकांपासून आणि एकमेकांविषयी शिकणे, हे या आंतरव्यावसायिक शिक्षणाचे सार होय. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाने १९८६ पासून हा मार्ग धरला. १९९६ साली तेथे असा रुग्णकक्ष सुरू झाला, जेथे वैद्यकीय, परिचर्या व फिजिओथेरपीचे विद्यार्थी मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली रुग्णांची जबाबदारी एकत्र वाहतात.

शस्त्रक्रियागृहासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची सुरक्षा-सूची तयार केली. छेद घेण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबावे, प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे तीत म्हटले आहे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांच्या रुग्णालयांत ती वापरली असता मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. मात्र २०१४ साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या पाहणीत अशी लक्षणीय घट आढळली नाही. केवळ कागदावर खुणा केल्याने मने जुळत नाहीत, असाच बोध अनेक जाणकारांनी त्यातून घेतला.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे कार्य आरंभिले आणि खेड्यांतील अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले; तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉक्टरांनी आपले ज्ञान वाटले म्हणून त्यांचे मोल घटले नाही. बालके मात्र वाचली.

समाजातील दानशूर व्यक्ती व संस्था रुग्णालयांना यंत्रे देतात, खाटा देतात, इमारती बांधून देतात. हे दान थोरच आहे. त्याच्या जोडीला डॉक्टर, परिचारिका व अन्य कर्मचारी यांच्या एकत्रित प्रशिक्षणासाठीही काही वाटा राखला जावा. रुग्णाच्या नातलगांचेही कर्तव्य आहेच. रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची एकच यादी जवळ बाळगावी आणि ती प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. शंका असल्यास नम्रपणे, पण स्पष्ट विचारावी. आणि परिचारिका काही सांगू लागली, तर ते डॉक्टरांच्या शब्दाइतक्याच आदराने ऐकावे. कारण रात्रीच्या प्रहरी रुग्णाच्या उशाशी बहुधा तीच जागी असते आणि त्याच्या प्रकृतीतील पहिला बदल तिच्याच दृष्टीस पडतो.